चौथ्यांदा ‘घ्या’

खशायारची स्कीची जोडी न विचारता उचलताना कयूमर्सने स्वतःची समजूत घातली होती, की एका दिवसाचा तर प्रश्न आहे. खशायार म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. राहायला त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. ही लाल जोडी त्याने ऑस्ट्रियाहून मागवली होती आणि तळघरातल्या अडगळीच्या खोलीत, गादीच्या खोळीत तान्ह्या बाळासारखी निजवून ठेवली होती. आज कामाचा दिवस, खशायार कचेरीत. संध्याकाळच्या आत जोडी खोळीत परत गेली की कुणाला पत्ता लागणार नव्हता.

कयूमर्स, फरामर्ज आणि पूरान, तिघे कॉलेजपासूनचे मित्र, सकाळी दहाला तेहरानजवळच्या डोंगरात, दिझीनच्या बर्फात वर जाणाऱ्या पाळण्यासाठी रांगेत उभे होते. मागे पांढऱ्या मिशांचे एक वृद्ध गृहस्थ होते.

“काय सुरेख जोडी आहे हो,” ते म्हणाले.

“तुमचीच आहे. घ्या,” कयूमर्स म्हणाला.

कौतुक झालं की वस्तू पुढे करायची, हे त्याला आईने दुधाबरोबर पाजलं होतं. आपण तीनदा आग्रह करायचा, समोरच्याने तीनदा नको म्हणायचं, आणि वस्तू आपल्या घरी सुखाने नांदायची. तेहरानात टॅक्सीवालासुद्धा आधी भाडं नको म्हणतो.

“छे छे, तुमच्या हातातच शोभते.”

“तुमच्या हातात जास्त शोभेल. घ्या.”

“लाजवू नका हो.”

“माझी शपथ आहे. घ्या.”

“नको, खरंच नको.”

इथे थांबायचं होतं. पण मित्र कौतुकाने बघत होते आणि कयूमर्सची जीभ उतारावरून सुटलीच. “माझ्या वडिलांच्या जागी आहात, घ्याच,” असं म्हणून त्याने जोडी म्हाताऱ्याच्या हातातच दिली. म्हाताऱ्याचा चेहरा क्षणभर पडला. मग त्याने मान झुकवली. “इतकं म्हणताय तर... देव तुमचं भलं करो.” आणि जोडी खांद्यावर घेऊन तो चहाच्या दुकानाकडे चालू लागला.

“चौथ्यांदा?” पूरान म्हणाली. “चौथ्यांदा कोण म्हणतं?”

“तोंडातून गेलं.”

“दातांना कुलूप घाल म्हणून आम्ही कधीचे सांगतोय,” फरामर्ज म्हणाला. “जा, परत माग.”

“दिलेली वस्तू परत मागू? त्यापेक्षा त्या कड्यावरून उडी मारतो.”

खशायार ओरडणारा माणूस नव्हता. तो फक्त आपल्या आईला सांगायचा. मग आई सगळ्या खानदानाला सांगणार, आणि पुढच्या नवरोजच्या सणाला कयूमर्स घरात शिरला की लोक चमचे मोजणार. बायको तर माहेरच्यांसमोर मान वर करू शकणार नव्हती.

शेवटी फरामर्जला युक्ती सुचली. “आता तू कौतुक कर. तो घ्या म्हणेल. तू घे.”

दुकानात म्हातारा आशची, म्हणजे दाट गरम सूपची, वाटी समोर घेऊन बसला होता. जोडी गुडघ्यांना टेकलेली. “या, या, माझ्या डोळ्यांवर बसा,” तो उठून म्हणाला.

“जोडी काय सुरेख आहे,” कयूमर्स म्हणाला.

म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. “तुमचीच आहे. घ्या.”

“छे छे, असं कसं,” कयूमर्स म्हणाला.

पूरानने टेबलाखालून लाथ घातली.

“अहो घ्या ना,” म्हातारा जवळजवळ काकुळतीला आला.

“लाजवू नका.” दुसरी लाथ बसली. चाळीस वर्षांची सवय, लाथांनी थोडीच जाते.

“कृपा करून घ्या.”

“नको, खरंच नको,” असं बोलून कयूमर्सने स्वतःच कपाळावर हात मारला. म्हातारा खुर्चीत खचला. फरामर्जने सूत्रं हाती घेतली, जोडीकडे बघून तोंड उघडलं, त्याचाही धीर सुटला आणि तो म्हणाला, “आशचा वास काय छान येतोय.” म्हाताऱ्याने वाटी पुढे सरकवली. ते आश पिऊन बाहेर आले.

दुपारपर्यंत तिघे बर्फात येरझाऱ्या घालत होते. अडीच वाजता कयूमर्सने ठरवलं, की लाज गेली तर गेली, खरं सांगून जोडी मागायची. तो तडक दुकानात शिरला. म्हातारा रिकाम्या हातांनी बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं.

“बेटा, सुटलो बुवा,” तो म्हणाला. “माझ्या गुडघ्यात लोखंडाची सळई आहे. मी फक्त नातीला घेऊन येतो इथे. सकाळी आपलं एक चांगला शब्द बोलावा म्हणून बोललो, तर तुम्ही चौथ्यांदा घ्या म्हणालात. मग नाही कसं म्हणणार? मघाशी तुम्ही परत न्याल म्हणून मी किती आशेने बघत होतो.”

“मग आता जोडी कुठंय?”

“एक भला माणूस जेवायला आला होता. म्हणाला, काय सुरेख जोडी आहे. मी सोडतोय होय त्याला? पाच वेळा घ्या म्हटलं. गाडीत घालून गेलासुद्धा.”

परतीच्या वाटेवर गाडीत कयूमर्स मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता आणि एकही जुळत नव्हतं. घाट संपता संपता फोन वाजला. खशायारचा होता.

“कयूमर्सजान, गंमत ऐक. कचेरीतल्या पाहुण्यांनी जेवायला म्हणून मला दिझीनला ओढत नेलं. तिथे एका म्हाताऱ्याकडे हुबेहूब माझ्यासारखी जोडी. कौतुक केलं तर गळ्यातच घातली. खरचटलंय तेही त्याच जागी, काय योगायोग बघ. आत्ताच घरी पोचलो.”

“हो का, दादा?”

“दोन दोन जोड्या मी काय करू? माझी जुनी तुझी. घे. थांब, खालच्या खोलीतून काढतो आणि तुझ्या दाराशी ठेवतो.”

कयूमर्सला गादीची रिकामी खोळ डोळ्यांसमोर दिसली. “छे छे” जिभेच्या टोकावर आलं होतं. त्याने ते दातांखाली दाबून धरलं.

“घेतली, दादा,” तो म्हणाला.

“काय?”

“घेतली. फार आभार. तुम्ही खाली उतरू नका, मीच येऊन काढून नेतो.”

एकदाही नको न म्हणता वस्तू घेणारा माणूस खशायारला पन्नास वर्षांत भेटला नव्हता.

“हो,” तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. “ने ना. तुझीच आहे.”