गद्रे मास्तरांचे अर्ज

गद्रे मास्तरांच्या कोटाच्या खिशात नेहमी कुजक्या सुपाऱ्या असत. आमचं श्रीवर्धन चांगल्या सुपारीवर जगतं, त्यामुळे हे जरा विचित्रच. एकदा पान लावताना सुपारीचे व्यापारी हसनमियां यांनी सुपारीसाठी सहज हात पुढे केला. मास्तरांनी बुरशी आलेलं फळ त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "वास कसा वाटतो?" हसनमियांनी त्या दिवशी पान खाल्लं नाही.

मास्तर हायस्कुलात सायन्स शिकवत. मी इथला पोस्टमास्तर. सुपारी कुजवणाऱ्या त्या बुरशीवर त्यांना संशोधन करायचं होतं. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत जागा हवी होती. दर मंगळवारी ते अर्ज घेऊन माझ्या खिडकीशी हजर. बंगलोर, कलकत्ता, लंडन, बर्लिन. जर्मन प्रोफेसरांना लिहिता यावं म्हणून ते पुस्तकावरून जर्मन शिकले आणि वर्गात त्याच भाषेत रागावू लागले. काय बोलतात ते न कळल्यामुळे मुलं जास्तच घाबरत.

उत्तर ठरलेलं, जागा रिकामी नाही. मास्तर तिथेच उभ्याने वाचत आणि म्हणत, "सही स्वतः केलीय बरं का! कारकुनाची नाही."

"म्हंजे न्हायच म्हनला ना?" टपाल न्यायला आलेले हसनमियां विचारत.

"सविनय म्हणाला," मास्तर सांगत.

घरी फक्त थोरली बहीण, यमुताई. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. आई गेल्यावर मास्तरांना त्यांनीच वाढवलं. प्रत्येक अर्ज मास्तर आधी त्यांना वाचून दाखवत. ताईंना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्या म्हणत, "इथे आवाज पडला हो तुझा. ठासून लिही."

अशी आठ वर्षं गेली. मग एका मंगळवारी, मास्तर खिडकीशी उभे असतानाच लंडनची तार आली. जागा दिली आहे, जूनमध्ये रुजू व्हा. मला इतका आनंद झाला की मी बाहेर येऊन त्यांचा हातच धरला.

मास्तरांनी तार दोनदा वाचली. मग तारेचा कोरा फॉर्म मागून घेतला आणि लिहिलं, येऊ शकत नाही.

"अहो मास्तर, आठ वर्षं वाट पाहिलीत!"

"ताईला आता चूलसुद्धा नीट दिसत नाही," ते म्हणाले. "तिला कळलं तर मला ढकलून बोटीत बसवील. तेव्हा सांगू नका."

मी सांगितलं नाही. मास्तरांचं अर्ज लिहिणं त्यानंतरही चालू राहिलं, कारण ताईंना ते वाचून दाखवावे लागत. पोस्टात मात्र एकही आला नाही.

दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो, तेव्हा ताई तावातावाने म्हणाल्या, "पोस्टमास्तर, आंधळे आहेत का हो ते विलायतेतले मेले? माझा भाऊ दिसत नाही त्यांना?"

मी चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागलो. मास्तर ताईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते.

"तसंच असेल, ताई," ते म्हणाले. "आता मिट डोळे."