सातवं घर मागून

आम्ही रत्नागिरीत बिऱ्हाड केलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमची ही मागील दारी भांडी घासत होती. मान वर करते तो केळीच्या बुंध्याशी एक म्हातारा उभा! बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, काखेत मिटलेली छत्री, आणि नजर आमच्या विहिरीत.

“कोण हवंय?” हिने राखेचा हात तसाच धरून विचारलं.

“कोणी नको. तुमचं चालू दे. विहिरीचा काठ दक्षिणेकडे वीतभर खचलाय, तेवढं बघतोय.”

“मग पुढे ओटीवर बसा की. हे आहेत घरात.”

“छे, छे! घर मागून बघावं. पुढून सगळीच घरं हसतात.”

ही तरातरा आत आली. “अहो, मागील दारी एक वेडा आलाय, आणि आपल्या घराला नावं ठेवतोय.”

मी चिपळुणाकडून बदली होऊन आलेला, कोर्टातला साधा कारकून. वेड्यांशी बोलायचा मला सराव होता, पण तो वकिलांपुरता. मी धोतर सावरून मागे गेलो, तोवर म्हातारा आमच्या न्हाणीघराची भिंत पावलांनी मोजून पुढल्या घराच्या मागील दारी पोचलासुद्धा.

हे आमचे शेजारी, दाजीकाका आठल्ये. सारा जन्म मोजणीखात्यात गेलेला. डोंगर, खाड्या, खाजणं, सगळी साखळीने मोजून झाल्यावर सरकारने पेन्शन दिली, पण साखळी काही हातून सुटली नाही. एका कामावरून दुसऱ्याकडे वळायचं झालं की ते “साखळी पुढे!” म्हणत. जेवण उरकलं, साखळी पुढे. एखाद्याच्या मयताहून परत निघायचं, तरी आपलं साखळी पुढे. घरी एकटेच. दोन खोल्या, एक स्टोव्ह आणि भिंतीवर सबंध रत्नागिरीचा हाताने काढलेला नकाशा. त्यात प्रत्येक घराची विहीर होती, फणस होता, मागील दार होतं. पुढलं दार मात्र एकाही घराला काढलेलं नव्हतं.

पण गावात त्यांचं नाव होतं ते चैत्रफेरीसाठी. चैत्रात घरोघरी गौर झोपाळ्यात बसते. बायका हळदीकुंकवाला हिंडतात. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. त्या महिन्यात कोणी कोणाला घरात ये-जा करायला अडवत नाही. ही संधी साधून दाजीकाका दरसाल एक दिवस दहाबारा माणसं गोळा करत. मुंबईहून बोटीने आलेले कोणी, शाळेतले नवे मास्तर, कोणी नुसतेच रिकामे. त्यांना घेऊन जुनी सात घरं आणि त्यांची नारळीपोफळीची आगरं दाखवत. घरं ठरलेली, क्रम ठरलेला, आणि सातही मागून.

ते बोलायला लागले की ऐकत राहावं. कुठल्या विहिरीचा चिरा कुठल्या सड्यावरच्या खाणीतला, कुठल्या पोफळीवर कोणी कोणासाठी जीव दिला नाही, पण द्यायचं ठरवलं होतं! मधेच एखादी सोवळी बाई ओलेत्याने किंचाळत आत पळे. दाजीकाका शांतपणे आकाशाकडे बघत म्हणत, “ह्या घराचा वारा नैर्ऋत्येचा. साखळी पुढे!”

एकच सवय लाजिरवाणी होती. प्रत्येक घरी डाळ-पन्हं झालं की दाजीकाका हळूच म्हणायचे, “एक पुडी बांधून द्या हो.” केळीच्या पानात डाळ नि मूठभर हरभरे, वर केळीच्या दोऱ्याची, सोपाची गाठ. ती पुडी मिटलेल्या छत्रीत जायची. गाव म्हणे, दाजींची छत्री म्हणजे त्यांचं दुसरं पोट. पावसाळ्यात ती उघडली की तिच्यातून हरभरे गळतात, असंही मी ऐकलं होतं. मी हसलोही होतो.

आमच्या तिसऱ्या चैत्रात कोर्टात नवे मुन्सफसाहेब आले. त्यांच्या बाईसाहेब देशावरच्या, पुण्याच्या. त्यांना म्हणे जुनी घरं आणि बागा बघायची हौस. साहेबांनी मला विचारलं, “इथं कोणी माहितगार आहे का?” आता कारकुनाला साहेबाने काही विचारावं आणि कारकुनाने “नाही” म्हणावं, हे आमच्या घराण्यात नाही. मी म्हटलं, “आहे साहेब. माझे अगदी घरचेच आहेत.”

दाजीकाकांना सांगितलं. ते स्टोव्हला पिन मारत होते. म्हणाले, “येऊ देत बाईसाहेब. माझी अट एकच. सातवं घर चुकता कामा नये, आणि तेही मागून. ते चुकलं तर फेरी फुकट.”

“आम्ही असताना चुकेल कसं?” मी म्हटलं.

ते पिन थांबवून माझ्याकडे बघत राहिले. “वर्षातून एकदाच असते हो फेरी,” ते म्हणाले.

इथं मी थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण साहेबाच्या घरचं माणूस येणार, तेव्हा आपण काहीतरी जास्तीचं करावं असं माझ्या मनाने घेतलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच सातव्या घरी गेलो. खाडीच्या अंगाला असलेलं नाना जोगळेकरांचं घर ते. दाजीकाकांबरोबर दोन वर्षं मागून गेलो होतो. आज प्रथमच पुढच्या पायऱ्या चढलो. नाना ओटीवर सुपारी कातरत होते.

“उद्या मुन्सफसाहेबांच्या बाईसाहेब तुमच्याकडे येतायत,” मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

नानांचा अडकित्ता थांबला. “कुठून येतायत?”

“दाजीकाकांबरोबर. म्हणजे, मागून.”

“अहो, मागे काय आहे? शेणी, लाकडं आणि सोवळ्यातली माणसं! साहेबाघरची बाई तिथून आणली तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या. पुढून आणा. मागचं मी बघतो.”

मी खूश होऊन घरी आलो. हिला सांगितलं. ही म्हणाली, “तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” आमच्या संसारात हा प्रश्न मला सरासरी दिवसाआड येतो, म्हणून मी तो सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी फेरी निघाली. बाईसाहेब, आम्ही दोघं, आणि आणखी पाचसहा. पहिल्या घरी बाईसाहेब मागील दाराशी अडखळल्या. दाजीकाकांनी आपलं “पुढून सगळीच घरं हसतात” ऐकवलं. त्या एकदम हसल्या, आणि तिथून पुढे पदर खोचून सगळ्यांच्या आधी मागील दारी शिरू लागल्या. दुसऱ्या घरची दगडी दोण, तिसऱ्या घरचा रहाट, चौथ्या घरची फुललेली सुरंगी. तिथं दाजीकाकांनी पुडीबरोबर तिच्या फुलांचा एक वळेसरही मागून घेतला. एकट्या म्हाताऱ्याला वळेसर कशाला? आम्ही एकमेकांकडे बघितलं. पाचव्या घरी पोचेपर्यंत छत्री फुगून कोहळ्यासारखी झाली होती. मला वाटलं, माझी साहेबांकडे वट बसलीच आता.

सहाव्या घरी तिथला गडी नारळ सोलत होता. सहज म्हणाला, “दाजीनू, फुडं मागल्या अंगान जाव नका. नानांनी सकालीच बेडं बंद केलंय. काट्या टाकल्यान.”

बेडं म्हणजे गडग्यातली, चिऱ्यांच्या कुंपणातली, येण्याजाण्याची बांबूंची झडप. दाजीकाकांच्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला. “बंद केलंन?” ते म्हणाले. “आज?” आणि मग आमच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, “नानांना कोणी कळवलं?”

मी समोरच्या फणसाचे फणस मोजू लागलो. ही माझ्याकडे बघत होती. ते दाजीकाकांनी पाहिलं. पेला खाली ठेवला आणि निघाले. सहाव्या घराचा फणस, ज्यावर ते पाव तास बोलत, त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आम्ही मागून धावतोय. उन्हाने पायाखालचा जांभा तापलेला. बाईसाहेब धापा टाकत विचारतायत, “झालं काय?” आणि मला तोंड उघडायची सोय नाही.

नानांच्या बेड्यात करवंदीच्या काट्या पुरुषभर रचलेल्या होत्या. दाजीकाकांनी छत्रीचं टोक त्यात घालून बघितलं. काट्या हलल्या नाहीत.

“मग पुढून जाऊ की,” बाईसाहेब म्हणाल्या.

“तुम्ही जा. मी त्या पायऱ्या चढत नाही.”

“का हो?”

“वीस वर्षांपूर्वी तिथं एक मोजणी चुकली.”

पुढे नानांनी खुर्च्या मांडल्या होत्या, सतरंजी, अत्तरदाणी, गुलाबदाणी. सगळं घर हसत होतं. नानांनी आमच्यामागे नजर टाकली. “दाजी?”

“मागच्या गडग्याशी,” मी म्हटलं. अत्तरदाणीकडे गेलेला नानांचा हात तिथंच राहिला.

हिने मला कोपराने ढोसलं. “तुम्ही मागे जा. जे करून ठेवलंत ते निस्तरा.”

मी घराला वळसा घालून धावलो. दाजीकाका गडग्यावर चढत होते. साठी उलटलेला माणूस, एक पाय चिऱ्याच्या फटीत, दुसरा हवेत, आणि छत्री दातांत. मला पाहून ते थांबले. मी खांदा पुढे केला. त्यांनी त्यावर पाय दिला. जरा जोरातच दिला, पण ते माझ्या हिशेबी रास्त होतं. गडग्याच्या माथ्यावर त्यांचा कोट काट्यात अडकला. आता ना इकडे, ना तिकडे. मी खालून त्यांचे पाय धरलेले, माझं धोतर चिऱ्याला लागून टरकलेलं. वरचे दोन चिरे डुगडुगू लागले. सुटले असते तर दाजीकाका डोक्यावरच गेले असते.

तेवढ्यात आतून बाईसाहेबांचा आवाज आला. “छे, छे, नाना! घर मागून बघावं. सहा घरं मी मागून बघितली, तुमच्याच घराला काय झालं?” आणि माजघर, स्वयंपाकघर ओलांडून त्या मागील दारी आल्या. त्यांच्यामागे नाना, नानांच्या मागे आमची ही. सगळ्यांनी गडग्यावरचे दाजीकाका पाहिले.

नाना पुढे झाले. उघड्या हातांनी बेड्यातल्या काट्या उपसू लागले. दोन उपसल्या, हात रक्ताळले, तेव्हा मान वर न करता म्हणाले, “दाजी, हलू नका. पडाल.”

वीस वर्षांत ते दाजीकाकांशी प्रथमच बोलले, हे मला मागाहून कळलं.

बेडं मोकळं झालं. मी कोट सोडवला. दाजीकाका खाली उतरले, माझ्याकडे नाही, नानांकडे नाही, सरळ मागच्या पडवीत गेले. तिथं खांबाला टेकून एक म्हातारी वाती वळत बसली होती. लाल आलवण, डोक्यावरून पदर. दरसाल इथं पोचलं की दाजीकाका आम्हाला खाडी बघायला पिटाळत आणि स्वतः मागे राहत. दोन वर्षं मी तिला तिथंच बघितलं होतं. म्हणजे, बघितलं नव्हतं.

“आलास हो, दाज्या?” ती म्हणाली. “यंदा उशीर केलास.”

“आलो गो आक्का.”

आक्का म्हणजे दाजीकाकांची थोरली बहीण, नानांची भावजय. सोळाव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून त्या पडवीत. वीस वर्षांपूर्वी दाजीकाका तिला कायमचं माहेरी न्यायला आले. नाना म्हणाले, आमच्या घरची बाई बाहेर राहायची नाही. शब्दाला शब्द लागला, आणि “ही पायरी पुन्हा चढणार नाही” म्हणून दाजीकाका उतरले ते उतरलेच. एकटे मागून आले असते तर ते नमतं घेणं झालं असतं. दहा माणसांबरोबर आले की ती फेरी होती. आणि नाना? दर चैत्रात फेरीच्या दिवशी सकाळीच ते बेड्याची दोरी स्वतः सोडत आणि पुढे ओटीवर पाठ फिरवून बसत, असं त्यांच्या गड्याने मला पुढे सांगितलं. दोघा हट्टी माणसांनी वीस वर्षं न बोलता सांभाळलेली ती दोरी मी एका संध्याकाळी बांधून टाकली होती.

दाजीकाकांनी छत्री उघडून उलटी केली. सहा पुड्या आक्काच्या पुढ्यात ओळीने मांडल्या. हळदीकुंकवाला जिला कोणी बोलवत नाही, तिच्याकडे गावची गौर अशी येत होती.

आक्काने पहिली पुडी सोडून डाळ जिभेवर ठेवली. “लेल्यांची. मिठाचा हात अजून सुटलेला नाही. विहिरीला पाणी किती?”

“दीड पुरुष. उत्तरेचा झरा आटलाय.”

“आणि दुसऱ्या घरची दोण?”

दाजीकाका सांगू लागले. सकाळपासून आम्हाला सांगितलेलं सगळं, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. तेव्हा मला कळलं की आम्ही ऐकली ती नुसती तालीम होती. चौथ्या घरापाशी त्यांनी सुरंगीचा वळेसर काढला. आक्काने तो ओंजळीत घेतला, नाकाशी धरला, आणि पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला. “वासाला कोणाची मनाई नाही, नाही रे?” ती म्हणाली. नाना खांबाआड हाताला फडकं गुंडाळत उभे होते. ते गुंडाळतच राहिले.

“सहा झाली,” दाजीकाका म्हणाले.

बाईसाहेब जमिनीवरच बसल्या होत्या. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, “आणि सातवं?”

आक्का पहिल्यांदाच हसली. “ते राहू दे गो बाय. मागून मला पाठ आहे ते.”

दाजीकाकांनी छत्री झटकली, मिटली. “साखळी पुढे” म्हणायची त्यांची वेळ झाली होती. पण त्यांनी ती छत्री खांबाला टेकवून ठेवली, आणि आमच्यापैकी कोणी जागचं हललंही नाही.