कान हाताला लागेना

"तुम्हाला स्वतःला पाळी कितव्या वर्षी आली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि सुरेखाने आधी नवऱ्याकडे, मग सासूकडे आणि शेवटी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे पाहिलं. उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नवरा, कल्याण, तटकन उठला. "मी जरा पाणी पिऊन येतो."

"पाणी इथं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो पुन्हा बसला आणि फवारणीचे पंप दुरुस्त करून काळ्या पडलेल्या आपल्या नखांचा अभ्यास करू लागला.

"सातवीत होते मी," सुरेखा पुटपुटली. "म्हणजे बारावं वर्ष."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. स्टूलवर बसलेल्या सुरेखाच्या लेकीचे, दीपमालाचे, पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. ती आठवीत होती, पण तिला बघून लोक पाचवीची पुस्तकं पुढे करत. शाळेच्या प्रार्थनेत उंचीने ओळ लागे, आणि दीपमाला पहिलीपासून आठवीपर्यंत सगळ्यांत पुढेच उभी राहत आली होती.

"आईची वाढ उशिरा झालेली असली, की बऱ्याचदा लेकरंही उशिरा उंच होतात," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "आधी मागं पडतात, मग गाठतात. पण तुमचं तर वेळेवर झालं. मग हिचं का अडलं ते बघावं लागेल. एकदा तुमच्या आईला नीट विचारा. बारावंच असेल तर संभाजीनगरला तपासण्या करू."

तपासण्या हा शब्द ऐकून दीपमालाचे झुलणारे पाय थांबले.

घरी येताना ते अंबडच्या स्टँडकडे चालत निघाले. वाटेत सासूबाई, उषाबाई, म्हणाल्या, "आमच्या घराण्यात बुटकं कोणी न्हाई."  सुरेखा स्वतः घरात सगळ्यांत उंच होती. माळ्यावरचे डबे ती स्टूल न घेता काढायची, आणि नवीन चौकट बसवेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात रोज तिचं कपाळ आपटायचं. मग पोरीनं कोणाचं घेतलं?

आईला विचारायचं म्हणजे माहेरी मंठ्याला फोन लावायचा. पण असलं विचारायचं कसं? पूर्वी बायका या गोष्टी बोलत नसत, साजऱ्या करत. पोरगी न्हाती झाली की केळीच्या खांबांचं मखर लागायचं, मामा हिरवी साडी घेऊन यायचा, गल्लीतल्या बायका ओटी भरून गाणी म्हणायच्या. अख्ख्या गावाला कळायचं, पण तोंडाने शब्द कोणी काढायचं नाही. सुरेखाही त्याच वळणातली. त्यात शनिवारी सकाळी ती फोन घेऊन बसली, तर उषाबाई ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या.

"माय," तिने फोनवर आडून आडून सुरुवात केली, "माझ्या वेळंला काय काय केल्तं गं?"

"कोणत्या वेळंला?"

"ते गं. मखर. साडी."

पलीकडे झुंबरबाईंना आपली नात आठवली. मग त्यांचा आवाज एकदम भरून आला. "अगं बाई! आन् तू आता सांगून राह्यली?"

तेवढ्यात सोललेल्या लसणाचं सुपडं घेऊन उषाबाई आत आल्या. "मंग बोलते," म्हणून सुरेखाने फोन ठेवला. वय विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी पुन्हा लावू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी लावला तर फोन कोणी उचलेना. झुंबरबाई मंठ्याच्या बाजारात गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी दारात काळीपिवळी जीप थांबली. टपावर केळीचे दोन खांब बांधलेले. आतून आधी भाऊ भुजंग उतरला, मग झुंबरबाई, मग मावशा आणि काकू, आणि उतरतच राहिल्या.

"भाचीबाई कुठंय?" भुजंग ओरडला. त्याच्या हातात हिरवी साडी आणि नारळांची पिशवी. "मामा आलाय म्हणावं!"

सुरेखा धावत बाहेर आली. "भुजंग, अरे हे काय?"

"हे काय म्हंजे? मायला फोन केल्तास ना तू? माय रातभर झोपली न्हाई."

समोरच्या नंदाबाईंनी केळीचे खांब पाहिले आणि पुढचं काही विचारलं नाही. त्या आत गेल्या, लुगडं बदलून, हळदीकुंकवाचं ताट घेऊनच बाहेर आल्या. वाटेत त्यांनी आणखी चार दारं वाजवली. बायकांनी ओसरी भरली. खांब दाराशी उभे राहिले.

उषाबाई देवघरातून बाहेर आल्या आणि त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. त्यांनी सुरेखाला चुलीपाशी ओढलं.

"माझ्या घरात पोरगी न्हाती झाली, आन् मलाच ठाऊक न्हाई? मंठ्याला ठाऊक, नंदीला ठाऊक!"

"आत्याबाई, तसं काही झालंच न्हाई हो."

"मंग ह्या बाया काय केळी खायला आल्या?"

सुरेखा सांगायला तोंड उघडणार, तोच दारात कल्याण. हातात पेढ्यांचा मोठा पुडा. वाटेत भुजंगने त्याला पंपाच्या दुकानावर गाठलं होतं, आणि कल्याणने मनाशी हिशोब जुळवला होता की शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या लागू पडल्या. त्या गोळ्या जंताच्या होत्या. शेजारच्या टायरवाल्यापासून चहावाल्यापर्यंत त्याने पेढे वाटले होते. कशाचे ते सांगायला लाजला म्हणून "असेच" म्हणाला, आणि त्यामुळे सगळ्यांना कळलं.

"दाजी, मुबारक हो!" जीपचा ड्रायव्हरही म्हणाला.

तोवर मावशांनी दीपमालाला धरून पाटावर बसवलं होतं. तिची वेणी अर्धी सुटलेली, हातात भूगोलाचं पुस्तक, आणि काय चाललंय ते समजून चेहरा पांढराफटक पडलेला. एका काकूंनी तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. हात खाली केला तशा त्या सगळ्या खळ्ळकन मनगटावरून निसटून पाटावर पडल्या.

"अगं माय," काकू म्हणाल्या, "केवढंसं मनगट! आन् ही न्हाती झाली?"

"न्हाई झाले!" दीपमाला उभी राहून ओरडली.  "काहीच झालं न्हाई मला. माझ्या वर्गातल्या सगळ्या मोठ्या झाल्या, मीच न्हाई झाले. मायला बाराव्या वर्षी आलं, मला आलं न्हाई, म्हंजे माझ्यातच खोट आहे. मला संभाजीनगरला नेऊन तपासणार आहेत. आता सांगा सगळ्यांना!"

ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

सुरेखाने मग सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, त्यांचा प्रश्न, अर्धवट राहिलेला फोन. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माय, तेवढंच विचारायचं होतं गं. बारावंच होतं ना माझं?"

झुंबरबाईंनी विहिणीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. "बारावंच," त्या म्हणाल्या. "शाळंत बारावं."

"शाळंत म्हंजे?"

बंद दारामागून हुंदका आला. झुंबरबाईंनी पदर सारखा केला. लेकीच्या लग्नापासून गिळून ठेवलेली गोष्ट वर येताना त्यांना जड जात होती.

"तुला सहाव्या वर्षी शाळंत नेली. तवा कुठं जन्माचे कागद होते? गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात घाल आन् पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोर सहाचं. तुझा हात कानाला लागंना. एवढीशी होतीस, ह्या दीपीवानी. सातव्याला नेली, लागंना. आठव्याला बोटभर कमी पडला. नवव्या वर्षी कुठं लागला, आन् गुरुजीनं सहा वर्सं लिवून टाकली."

सुरेखाला शाळेचा तो ओटा आठवला. डोक्यावरून वाकवलेला आपला हात, आणि हसणारे गुरुजी. तिला इतकी वर्षं वाटत होतं की तो खेळ होता.

"म्हंजे सातवीत मी पंधराची होते?"

"पूर्ण. बाया नावं ठिवायल्या होत्या, म्या किती नवस बोलले! मंग एकदम वाढलीस, दोन सालांत दाराला टेकलीस. लग्नात वय विचारलं तवा शाळंतलं सांगितलं. खोटं न्हाई बोलले, विहीणबाई. फकस्त बोलले न्हाई."

ओसरीवरच्या बायका बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. कल्याणने सगळ्यांच्या आधी मोजलं. लग्नात तो सुरेखापेक्षा तीन वर्षांनी मोठा ठरला होता. "म्हंजे आम्ही एका वयाचे?" तो म्हणाला, आणि पेढ्यांच्या पुड्यातला उरलेला एक पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

सगळ्यांना वाटलं, आता उषाबाई घर डोक्यावर घेणार. पण त्या पाटावर पडलेल्या बांगड्या एकेक करून गोळा करत होत्या. बराच वेळ गोळा करत होत्या.

"एका वयाचे न्हाई," त्या खाली बघूनच म्हणाल्या.

"म्हंजे?"

"तू लई द्वाड होतास. शेतात काम करू द्यायचा न्हाईस. हात मात्र माकडावानी लांब. साडेचारचा होतास तवाच कान गाठला. म्या म्हणलं, गुरुजी, बराबर सहाचा हाय."

बायकांनी पुन्हा बोटं मोजली: सुरेखा नवऱ्यापेक्षा दीड वर्षाने मोठी निघाली. आधी भुजंगला हसू आलं, मग नंदाबाईंना, आणि मग कोणालाच आवरेना. आतली कडी निघाली. दीपमाला दारात उभी होती, नाक लाल, पण ओठांचे कोपरे हलत होते.

"माय, तू खरंच माझ्यासारखी होतीस?"

"तुझ्यापेक्षाबी गिड्डी," झुंबरबाईंनी परस्पर सांगितलं.

दीपमालाने सुरेखाकडे वर पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. पार दाराच्या चौकटीपर्यंत.

साडी परत न्यायची नसते. उषाबाईंनी ती घडी मोडू न देता पेटीत ठेवली. "लागंलच," त्या म्हणाल्या. "बांगड्याबी तवा बसतील." केळीच्या खांबांचं मात्र काही करता येईना. ते नंदाबाईंच्या शेळीला दिले.

सोमवारी सकाळी सुरेखाने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी हसल्या. "मग घाई नको. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आणि तुमचं खरं वय काय लिहू?"

"ते राहू द्या," सुरेखा म्हणाली.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. कल्याण नेहमीच्या जागी बसला होता. रोज तो तिथून "सुरेखा, चहा आण गं" अशी हाक मारायचा. आज त्याने घसा खाकरला, एकदा आईकडे चोरून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अहो, चहा झाला का?"

सुरेखाने स्टूल न घेता वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढला.

"थांब रे," ती म्हणाली, "उकळू दे जरा."

दप्तर भरणारी दीपमाला इतकी हसली, की तिला शाळेला उशीर झाला. ती पळत पोचली तेव्हा प्रार्थनेची ओळ लागून गेली होती. पुढची जागा तिच्यासाठी मोकळी होती. ती ऐटीत जाऊन उभी राहिली.