शाल पांघरलेला टाइपरायटर

दोन थेंब तेल द्यावं, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं काय बिघडणार होतं, तुम्हीच सांगा! पण त्या दोन थेंबांपायी माझी खोली गेली, सासऱ्यांची पँट भिजली आणि... जाऊ द्या, क्रमानं सांगतो.

जुने टाइपरायटर दुरुस्त करायचा मला नाद आहे. (नाद हा माझा शब्द. बायको 'खूळ' म्हणते.) दिवसभर ऑफिसात कारकुनी करून आलो की घरामागच्या छोट्या खोलीत शिरायचं. एक टेबल, एक दिवा, डबाभर स्क्रू आणि रॉकेलचा वास, असं माझं वर्कशॉप आहे. म्हणजे होतं. त्या खोलीवर बायकोचा पहिल्यापासून डोळा. ती कपडे शिवते आणि तिचं शिलाई मशीन आमच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेलं असतं. झोपेत पाय लांब केला की माझा अंगठा थेट त्याच्या चाकात. शेवटी एकदा तिनं निकालच लावला.

"बाबांचा टाइपरायटर बंद पडलाय. तो चालता करून दाखवा, खोली कायमची तुमची. नाही जमलं, तर माझं मशीन तिथं जाणार. मंजूर?"

"मंजूर!" मी छाती फुगवून म्हणालो.

माझे सासरे म्हणजे कोर्टातले टायपिस्ट. उभी हयात त्यात गेली. मला त्यांनी आजवर त्यांच्या घरातला बल्बसुद्धा बदलू दिलेला नाही. पण लेकीनं शब्द टाकला म्हणून मशीन दिलं. देताना त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या सासूबाई गेल्यापासून घरात आवाज असा याचाच. तोही बंद झालाय. जपा." मला एकदम रडूच यायला लागलं.

आठवडाभर राबलो हो! झाकण काढलं तर आत खोडरबराचा चुरा, धुळीचे गोळे आणि एक मेलेलं झुरळ. (कोर्टाच्या काळातलं असावं. मिशांना शाई होती.) अक्षरांचे दांडे एकेक करून रॉकेलनं धुतले, टूथब्रशनं घासले. (ब्रश कुणाचा, ते घरात अजून कुणाला कळलेलं नाही.) नवी रिबन चढवली. शनिवारी दुपारी बघतो तर मशीन चालतंय! फक्त दांडे जरा कुरकुरत होते. म्हटलं, तेल द्यावं. माझी तेलाची बाटली ठणठणीत रिकामी.

शिलाई मशीनचं तेल बायकोच्या खणात होतं. पण जिच्याशी खोलीवरून पैज लागलीय, तिच्याच पुढ्यात वाटी घेऊन उभं राहायचं? छे! मला काही मानबिन आहे की नाही? इतक्यात बाथरूमच्या फळीवर खोबरेल दिसलं. बायकोचंच. (माझ्या डोक्यावर तेल लावण्यासारखं काही उरलेलं नाही.) तेल ते तेल! दांड्यांच्या खाचांत दोन थेंब सोडले, तर काय सांगू, दांडा असा अलगद फिरला की मी स्वतःशीच 'वा!' म्हणालो. मग आणखी दोन सोडले. मग म्हटलं, सासऱ्यांचं मशीन, हात कशाला आखडायचा?

लगेच फोन केला. "बाबा, उद्या सकाळी फिरायला निघालात की इकडेच या. मशीन नुसतं पळतंय!"

रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी ऐटीत वर्कशॉपमध्ये गेलो आणि एक कळ दाबली. काही नाही. जोर लावला. एक दांडा आळोखेपिळोखे देत वर आला आणि तिथंच राहिला. दुसरी दाबली. तोही वर येऊन राहिला. सगळं मशीन हात वर करून माझ्याकडे बघत होतं. काय केलं मी? काय तुटलं? काल तर पळत होतं!

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला, "अहो, खोबरेल थिजलंय! बाटली जरा गरम पाण्यात ठेवा ना!"

थिजलंय! लग्न झाल्यापासून दर थंडीत ती बाटली गरम पाण्यात ठेवणं, हे या घरातलं माझं एकमेव बिनचूक काम. आणि मी, मी तेच खोबरेल मशीनमध्ये ओतलं!

पण गडी खचला नाही. बायकोनं दिलेली बाटली तशीच टेबलावर ठेवली, तिचा हेअर ड्रायर आणला आणि मशीनवर धरला. सगळे दांडे एकेक करून खाली बसले. ड्रायर बंद केला की पुन्हा आखडायला लागले. मग गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, तिच्यावर मशीन ठेवलं आणि वरून बायकोची लोकरी शाल लपेटली. एवढ्यात दारात सासरे हजर.

"हे काय? याला सर्दी झालीय का?"

"नाही, म्हणजे, धूळ बसू नये म्हणून."

"लोकरीची शाल?"

"नाजूक भाग असतात, बाबा."

ते खुर्चीवर बसले. शाल काढली, कागद चढवला. आणि टकटक सुरू झाली! काय तो वेग! त्यांचा चेहरा उजळला आणि मलाही भरून आलं. खोली वाचली, अब्रू वाचली. पण ते मध्येच थांबले.

"बाबा, थांबू नका!" मी ओरडलो.

"अहो, विचार तर करू द्याल? आणि हा वास कसला? आत्ताच कुणी न्हाऊन आलंय का?"

"तुम्ही टाइप करा हो! चला, पुढची ओळ!"

ओळ संपली होती. त्यांनी कोर्टातल्या सवयीनं कॅरेजला, म्हणजे कागदाच्या सरकत्या रुळाला, सणसणीत झटका दिला. खाली पिशवी, तीही डुलणारी. मशीन घसरलं. मी ते झेप घेऊन धरलं, पण पिशवीचं बूच उडालं आणि सगळं पाणी सासऱ्यांच्या मांडीवर.

"अगं आई गं!"

बायको धावत आली. बापाची भिजलेली पँट, खाली पडलेली शाल, स्वतःचा ड्रायर आणि मशीनला मिठी मारून उभा असलेला नवरा. तिनं आधी शाल उचलली. मग तिला टेबलावरची बाटली दिसली.

"हे... हे तुम्ही मशीनमध्ये घातलंत?"

"दोन थेंब."

"अर्धी बाटली रिकामी आहे!"

सासऱ्यांनी एक कळ दाबली. दांडा सावकाश वर आला आणि राहिला. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "जावईबापू, मी याला दुरुस्तीला दिलं होतं. तुम्ही याची चंपी केलीत?"

"अहो, शिलाई मशीनचं तेल खणात होतं," बायको म्हणाली. "मागितलं असतं तर दिलं नसतं का मी?"

मी रॉकेलचा डबा पुढं ओढला. दिवसभर बसून मशीन पुन्हा रॉकेलनं धुतलं. माझी जुनी पँट घालून बाबा शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला. संध्याकाळी टकटक घुमली, बाबा खूश झाले. मी आशेनं बायकोकडे पाहिलं.

"चालता केलाय की!"

"बाबांनी बसून करून घेतलाय," ती म्हणाली आणि शिलाई मशीन ढकलत माझ्या खोलीत घेऊन गेली. मला कोपऱ्यात एक स्टूल मिळालं, तेही चिंध्यांच्या पोत्याशेजारी.

"एक विचारू?" मी म्हणालो. "काल बाटली अर्धी झालेली तुला दिसली नव्हती?"

"दिसली होती. मला वाटलं, केस येतील या आशेनं चोरून डोक्याला लावताय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." ती जरा घुटमळली. "फक्त समोरच्या वहिनींना सांगितलं."

मी हबकलो. तसाच कचऱ्याची बादली घेऊन बाहेर पडलो, तर नेमक्या वहिनी दारातच. त्या थबकल्या. माझ्या डोक्याकडे डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "फरक पडतोय हं, भाऊजी. सोडू नका."