शून्यापासून मोजणारांची हकीकत

श्री. जिने वाणी दिली तीस नमन असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी जे वर्तले ते लिहितो. राज्यात नदीकाठी एकेचाळीस गावे. पाणी चढता गावोगावी इशारा जावा, त्याचा प्रोग्राम लिहिणारे अकरा कारकून, वीस वर्षे एकाच भाषेत लिहीत आलेले, आणि त्यांवर मुख्य सगुणाबाई पोतनीस. ते साली नवे संगणक आले, ते दुसरीच भाषा जाणत. कारकुनांचा हात जुन्या वळणाचा, ओळीगणिक चूक निघे. दिवाणसाहेब बोलिले, "म्हातारे काढावे, नवे आणावे." बाईंच्या ते जिव्हारी लागले. बोलिल्या, "नवे भाषा जाणतील, परंतु कोणता ओढा उलटा फुगतो हे कोण सांगेल? तीन आठवडे द्यावे." दिवाणांनी दिले. मग बाईंनी नव्या भाषेच्या पोटात एक सांधा बसविला, ऐसा की कारकुनांनी जुन्या वळणाने लिहावे आणि सांध्याने ते नव्या रीतीत फिरवून संगणकास द्यावे. कारकून हर्षले. मग चाचणी जाहली आणि चाळीसच गावांस इशारा गेला. रघो भिकाजी, सर्वांत वृद्ध कारकून, यादी पाहून ओरडले, "बाई, संगमावरची मोहोरवाडी गळाली! माझी लेक तिथे नांदते." शोध करिता कळले की जुन्या भाषेत मोजणी शून्यापासून, नवीत एकापासून, शून्यावर गाव सापडेना आणि यादीतले शेवटले गाव, मोहोरवाडी, बाहेर राहिले. दिवाण बोलिले, "बाई, वळण आले, अर्थ मागे राहिला. पुरे करा." बाई हटल्या नाहीत. "मुदतीचे आठ दिवस उरले, ते माझे आहेत," ऐसे बोलोन रघोपंतांस शेजारी बसविले आणि एकेक वाक्य उलगडून सांध्यास मोजणीही फिरविणे शिकविले. पुढे आषाढात पाणी दोन पुरुष चढले, आणि एकेचाळीसही गावी इशारा आधी पोहोचला, आणि मोहोरवाडीचे लोक गुरांसुद्धा टेकाडावर चढले. दिवाण संतोषून बोलिले, "हा सांधा साऱ्या राज्यात चालवू." बाई बोलिल्या, "नको साहेब. नव्यांनी नवीच भाषा शिकावी. आमचे हात वळेतो हा पुरे."

तात्पर्य, दोन वर्षांत अकराही जण नव्या भाषेत सरळ लिहू लागले. मग बाईंनी सांधा आपल्या हाताने पुसला. बहुत काय लिहिणे, त्या दिवशी कोणासही त्याची उणीव भासली नाही.