नागाच्या डोळ्यातला सेल

"तयार सर्व्हर तर शेंबडं पोरगंबी बसवते! आपण सोर्सकोडपासून बांधतो!" हे प्रणितने वडश्यात इतक्या जणांना ऐकवलं होतं, की तो दिसताच चहावाला लच्छू हातच जोडायचा.

प्रणित गुणवंतरावांच्या नाटक कंपनीत होता. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. कोणत्या गावाला कोणती रात्र दिली, हे सगळं प्रणितच्या डेटाबेसमध्ये. फुकटातलं खुलं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणून, नेट नसलेल्या ऑफिसात त्याने सर्व्हर उभा केला होता. त्याला अभिमान वाटायचा, आणि का वाटू नये?

शिवाय यंदाच्या नाटकातल्या नागाचे लाल डोळेही त्यानेच पेटवले होते. दसऱ्याला, कॉम्प्युटरच्या पोटातला गोल सेल काढून! "मशीन तर विजेवर चालते भाऊ, सेलचं काम काय?" असं त्याने म्हणताच गुणवंतरावांनी त्याची पाठ थोपटली होती.

हंगामाच्या तोंडावर प्रणितने सर्व्हरची नवी आवृत्ती बांधायला घेतली. स्क्रीनने लगेच कुरकुर केली: या फाइली भविष्यातल्या आहेत!

"पाहा भाऊ, आपला कोड काळाच्याही पुढं हाय!" प्रणितने ते बांधकाम, म्हणजे बिल्ड, तसंच रेटलं आणि जागा हवी म्हणून जुना डेटा पुसून टाकला.

"अरे, पुसलं काऊन?" गुणवंतराव दचकले.

"रोज बॅकअप घेऊन राह्यलो ना! काळजीच नाई!"

बॅकअप चढवला. दसऱ्यापर्यंत नोंदलेली गावं आली आणि गाडी थांबली. दसऱ्यानंतर घेतलेलं एकही बुकिंग नाही!

प्रणितची नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली. मशीन कित्येक वर्षं मागच्या एक जानेवारीत आरामात बसलं होतं, म्हणून फाइली भविष्यातल्या! घड्याळ चालवणारा सेलच काढल्यापासून, वीज गेली की ते पुन्हा त्या जानेवारीवर जायचं. आणि प्रणितच्याच प्रोग्रॅमला हुकूम होता, सर्वांत ताजा बॅकअप ठेव, त्याहून जुने फेक. तो बिचारा इमानदार! रोज नवा बॅकअप घ्यायचा, त्यावरची तारीख पाहायचा आणि पुरातन म्हणून फेकून द्यायचा!

"एका राती दोन गावांले नाटक देऊन बसलो," गुणवंतराव खुर्चीत कोसळले, "तर लोक मंडपासकट पेटवतीन आपल्याले!"

प्रणितने घाबरत, दसऱ्यानंतर रात्र ठरवून गेलेल्या चिमूरकडच्या पत्रूभाऊंना फोन लावला. "भाऊ, तुमच्या गावी नाटक कोणत्या राती हाय?"

"म्हंजे? कंपनीलेच माहीत नाई? आमची रात दुसऱ्याले देली का? अरे, लेकी-जावयांले बोलावणी गेली!"

पत्रूभाऊंनी ही बातमी पाहुण्यांना कळवली, पाहुण्यांनी आपापल्या गावांना. दुपारपर्यंत कंपनी बुडाल्याची आवई मार्कंड्यापासून गोंडपिपरीपर्यंत! जीपा भरभरून मंडळी ऑफिसवर धडकली. बुकिंग पुन्हा पक्कं करायला हातात नारळ, तोंडात आपापली तारीख!

"आमची रात हलवली तर पाहा!"

"कोणी हलवत नाई भाऊ! तारीख सांगा फक्त!" प्रणित टंकत सुटला. संध्याकाळपर्यंत सारा हंगाम जागेवर! वर गर्दी पाहून दोन गावांनी नवं बुकिंगही केलं.

मग प्रणितने नागाचा सेल काढून मशीनमध्ये बसवला. घड्याळ लावलं, बिल्ड पुन्हा केलं. या खेपेला कुरकुर नाही! बॅकअप घेतला आणि तो परत चढवूनही पाहिला. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. पत्रूभाऊंच्या गावी पहिल्या प्रयोगाला तो बिनबटणाचाच, पण ताठ मानेने विंगेत उभा होता.

मंडप जावयांनी गच्च. रंगमंचावर अंधार झाला. नायिकेचं काम करणारी चंचल किंचाळली, "नाग! पाहा त्याचे ते जळते डोळे!"

अंधार. नुसता अंधार!

"झोपला वाटते!" एक जावई ओरडला आणि मंडप हसून लोळला.

गुणवंतराव हळूच प्रणितच्या कानाशी आले.

"बाबू," त्यांनी विचारलं, "याचा बॅकअप हाय का?"