बारापात्रे सर आणि तळाचा गाळ

रविवारी सकाळी घरात मासोळीचा रस्सा उकळत असला आणि दारात बारापात्रे सर उभे राहिले, तर नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोणी दचकत नसे. सर आत येत नसत, चपलाही काढत नसत. उंबरठ्यावरूनच विचारत, "वहिनी, गाभोळी निघाली का?" गाभोळी म्हणजे मासोळीच्या पोटातली अंडी. निघाली म्हटलं की "कोणत्या तळ्याची मासोळी?" आणि नाही म्हटलं की कोणाच्या मयतीला आल्यासारखा चेहरा करून पुढचं घर. विशेष म्हणजे सर स्वतः मासोळी खात नसत. चातुर्मासात कांदासुद्धा बंद.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. सर कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. गल्लीही एकच, म्हणजे आठवड्याचे सातही दिवस सर माझ्याच वाट्याला.

हुडकेश्वरच्या पलीकडे एक तळं होतं आणि त्याच्या वरच्या अंगाला एक रंगाचा कारखाना. कारखान्याचं पाणी नाल्यानं तळ्यात यायचं. सरकारी साहेब लोक जीपमधून यायचे, ग्लासात पाणी धरून बघायचे आणि छान आहे म्हणून निघून जायचे. सर चिडायचे. "पाणी काय पाहून राहिले गा? पाणी वाहून जाते. गाळ बसून राहते!"

त्यांचं म्हणणं असं, की तळाशी चरणारी मासोळी तो गाळ खाते. तिच्या मेंदूखाली मोहरीएवढी गाठ असते, ती गाठ अंडी धरायचा हुकूम सोडते. गाळातल्या विषानं गाठ बिघडते आणि हुकूम सुटतच नाही. मासोळी दिसायला धडधाकट, पण ऐन पावसाळ्यात पोट रिकामं. हे सर मला रोज सांगत. मी रोज मान हलवत असे. घरी गेल्यावर मान दुखे.

या गाठी काढून ते स्पिरिटमध्ये ठेवत, आणि त्यासाठी शेजारच्या होमिओपॅथी डॉक्टरच्या रिकाम्या बाटल्या आणत. एकदा मला सर्दी झाली होती. टेबलावरच्या बाटलीतल्या दोन गोळ्या मी विश्वासानं तोंडात टाकल्या. सरांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि मटकन स्टुलावर बसले. "देशकर, नाल्याच्या तोंडाजवळच्या माद्यांच्या गाठी होत्या हो त्या! आता त्या पुन्हा कुठून आणू?" माझं काय होईल, हे त्यांनी विचारलंच नाही. सर्दी मात्र गेली.

सरांना हा नाद लावला पार्वताबाईनं. ती ढिवराची बाई, त्याच तळ्यातली मासोळी आमच्या बाजारात विकायची. "सर, दोन वर्सं झाली, मासोळी वांझ निघून राहिली. काहून असंल?" असं तिनंच त्यांना प्रथम विचारलं होतं. सरांनी चार वर्षं घासून उत्तर काढलं आणि भाबडेपणानं पेपरात पत्र लिहिलं. कारखान्याचा भोंगा पूर्वीसारखाच वाजत राहिला. पार्वताबाईचं गिऱ्हाईक मात्र आठ दिवसांत तुटलं. तिच्या टोपलीपुढे कोणी उभं राहीना.

तेव्हापासून दर रविवारी तिची सगळी टोपली सर घेत. नमुने म्हणून. एवढे नमुने कोण कापणार? सर परसात खड्डा खणून पुरत आणि गल्लीतल्या मांजरी त्यांच्यामागे रांगेनं चालत. मला त्यांचा राग येई आणि वाईटही वाटे.

मग एका पावसाळ्यात नवल घडलं. पार्वताबाईच्या मासोळ्यांत गाभोळी निघू लागली. सर भर बाजारात लहान पोरासारखे टाळ्या पिटायचे. "बाई, तळं सुधरलं! सुधरलं वं बाई!" आणि पार्वताबाई पदरात तोंड लपवून हसायची.

त्याच श्रावणात सरांना ताप आला आणि पिशवी घेऊन मला जावं लागलं. पार्वताबाईनं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मास्तर, तुमाले सांगतो. त्या तळ्याची मासोळी नाही ही. मी दुसऱ्या तळ्यावरून आणतो, तीन कोस चालून. रिकामी मासोळी पाहून सरायचं तोंड एवढुसं व्हायचं. मले पाहवेना गा. त्यायले नका सांगू."

या पावसाळ्यातले सगळे नमुने खोटे! तळं सुधारलं असं सरांनी एकदा लिहून दिलं, की कारखान्याला रान मोकळं आणि सरांची सगळी मेहनत मातीत. रस्ताभर मी शब्द जुळवत आलो. सर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. घरात दुसरं माणूस नव्हतं, सरांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

सर वळलेसुद्धा नाहीत. "माहीत आहे मले."

"म्हणजे?"

"पहिल्याच रविवारी कळलं. पोट फाडल्यावर आतला गाळ दिसते न हो. आपल्या तळ्याचा काळा, रॉकेलसारखा वास मारते. तिच्या मासोळीच्या पोटात सोन्यासारखी पिवळी माती. आपले नमुने मी दर गुरुवारी स्वतः जाळं टाकून आणतो. दोनदा पडलो तळ्यात. ती मासोळी अजून रिकामीच आहे, आणि मी तसंच लिहून राहिलो."

"मग बाजारात त्या टाळ्या कशाच्या?"

सर उठून बसले. ताप होताच, डोळे लाल झाले होते.

"तीन कोस चालते हो ती, देशकर. डोक्यावर ओली टोपली घेऊन. काहून, तर मी हसावं म्हणून. ही गेल्यापासून माझं तोंड कसं आहे, हे पाहणारं दुसरं कोण आहे मले?"

मी स्वयंपाकघरात गेलो, स्टोव्हला पंप मारला आणि दोघांसाठी चहा टाकला.